गाडी पाहावी कागद वाचून

'घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे म्हण आहे. ती रूढ झाली तेव्हा सामान्य माणसाच्या दारात मोटार यायची होती. नाही तर 'जुनी गाडी पाहावी घेऊन' असे तिसरे कलम तिला नक्की जोडले गेले असते. घर आणि लग्न यांत निदान चार वडीलधारी माणसे सल्ला द्यायला पुढे येतात. जुनी व्हॅन घेताना मात्र बहुतेक जण रंग पाहतात, टायरवर टाच मारतात, सरकते दार दोनदा सरकवून बघतात आणि बयाणा देऊन मोकळे होतात.

मी जूचंद्रला राहतो. वसई-दिवा लोहमार्गावरचे हे स्टेशन. एका अंगाला मुंबई-अहमदाबाद महामार्ग, दुसऱ्या अंगाला मिठागरे आणि डोंगरावर चंडिकादेवी. रांगोळी कलावंतांचे गाव म्हणून जूचंद्रचे नाव दूरवर गेले आहे. शेती आणि मीठ यांवर पूर्वीसारखी भिस्त राहिलेली नाही, त्यामुळे गावातली तरुण मंडळी सजावट, मंडप, केटरिंग, फुले-भाजी अशा व्यवसायांत शिरली आहेत. या प्रत्येक धंद्याला व्हॅन लागते आणि नवी व्हॅन प्रत्येकाला परवडत नाही. म्हणून जुनी बघायची. अशा जुन्या गाडीचे कागद घेऊन कोणी ना कोणी माझ्याकडे येते. बँकेत असताना वाहनकर्जाची प्रकरणे पुष्कळ वर्षे माझ्या टेबलावरून गेली, एवढेच त्याचे कारण. यंत्रातले मला फारसे कळत नाही. तारखा मात्र वाचता येतात.

मध्यंतरी आमच्या आळीतला एक तरुण असाच आला. त्याची आई आणि बायको हळदीच्या जेवणाची कामे घेतात. हळदीचा समारंभ म्हणजे रात्रीचे काम. भांडी, शेगड्या आणि चार-पाच बायका असा संसार घेऊन रात्री दोन वाजता महामार्गावरून परतायचे. रिक्षा-टेम्पोच्या भाड्यात नफा जात होता, म्हणून व्हॅन घ्यायचे ठरले. "काका, गाडी एक नंबर आहे. मोबाइलवर पण बघितलं, दोन हजार सत्तावीसपर्यंत फिटनेस आहे. कागदांवर तुमची एक नजर टाका, म्हणजे झालं," तो म्हणाला.

या एका वाक्यात जो गैरसमज आहे, तो घरोघरी आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

सरकारच्या 'वाहन' नोंदवहीतली माहिती आता एमपरिवहन या अ‍ॅपवर कोणालाही पाहता येते. गाडीचा नंबर घातला की नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि 'फिटनेस' कधीपर्यंत, हे सारे समोर येते. सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी गाडीसमोर जी फिटनेसची तारीख दिसते, ती कोणी गाडी तपासून लिहिलेली नसते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षे चालते. २०१२ साली नोंदलेल्या गाडीसमोर २०२७ ही तारीख आपोआप येते. ती गाडी मधल्या काळात दरीत पडून वर काढलेली असो की गॅरेजबाहेर न निघालेली असो, तारीख तीच! माणसाच्या जन्मतारखेत १५ मिळवून 'प्रकृती ठणठणीत' असे लिहावे, तसा हा प्रकार आहे.

पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यवसायासाठी नोंदलेल्या गाडीची गोष्ट वेगळी. तिला ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते. आपण तिला 'पासिंग' म्हणतो. पासिंग नसेल तर कायद्याच्या दृष्टीने त्या गाडीची नोंदणीच वैध राहत नाही. म्हणजे गंमत अशी, की टॅक्सी म्हणून राबलेली गाडी लोक नाकारतात. पण तिचा इतिहास कोणीतरी वेळोवेळी लिहिलेला असतो. पांढऱ्या पाटीच्या गाडीखाली मात्र १५ वर्षे एकही सरकारी अधिकारी वाकून पाहत नाही. सोळाव्या वर्षी प्रथमच तपासणी होते आणि पास झाली तर नोंदणी ५ वर्षांनी वाढते. मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२५ मध्ये आणखी वाढले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची गाडी 'स्वस्तात' घेणाऱ्याने हे आकडे किमतीत आधीच मिळवून ठेवावेत.

बरे, पासिंग झाले म्हणजे निर्धास्त व्हावे का? तसेही नाही. पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी याच प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. गाड्यांची नियमाप्रमाणे चाचणी न घेताच योग्यता प्रमाणपत्रे दिली जातात, हे त्यांचे म्हणणे. ब्रेकची परीक्षा घ्यायची तर गाडी ठरावीक वेगाने पळवून थांबवावी लागते. त्यासाठी सरळ रस्ता हवा आणि अनेक परिवहन कार्यालयांकडे तो नव्हताच. २०१६ मध्ये न्यायालयाने २५० मीटर लांबीचे चाचणी मार्ग तयार करण्यास सांगितले आणि पुढे असे मार्ग नसलेल्या ठिकाणी पासिंगचे काम थांबवण्याची वेळ आली. त्यानंतर २०२१ मध्ये केंद्राने यंत्राद्वारे तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियम केले. माणसाच्या मर्जीऐवजी यंत्राचा आकडा, हा त्यामागचा विचार योग्यच आहे. तरीही चाचणी उत्तम झाली तरी ती त्या दिवसाची. सकाळी रक्तदाब नीट होता म्हणून वर्षभर तो नीटच राहील, असे कोणता डॉक्टर लिहून देईल?

ब्रिटनमध्ये या अडचणीवर एक साधा उपाय आहे. तिथे १९६० साली अर्नेस्ट मार्पल्स हे वाहतूकमंत्री असताना १० वर्षांवरील गाड्यांचे ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग तपासण्याची पद्धत सुरू झाली. वाहतूक खात्याच्या नावावरून तिला एमओटी म्हणतात. १९६७ पासून ३ वर्षे झालेल्या गाडीलाही ती लागू झाली. महत्त्वाचे म्हणजे २००५ पासूनच्या या तपासण्यांची नोंद आज कोणालाही फुकट पाहता येते. गाडी कोणत्या वर्षी नापास झाली, कशात झाली, तेव्हा किती मैल धावली होती, सगळे ओळीने. मैलांचा आकडा एखाद्या वर्षी मागे गेला, तर काटा कोणी फिरवला हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

आपल्याकडे अशी एक वही नाही. पण तिची पाने वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. विम्याच्या पॉलिसीत, वर्कशॉपच्या बिलात, पीयूसीच्या चिठ्ठ्यांत, आरसी बुकात आणि चलनांच्या यादीत. ती गोळा करून तारखेनुसार लावली, की गाडीचे चरित्र समोर उभे राहते. हे काम एका दुपारचे आहे.

त्या तरुणाच्या व्हॅनचे आम्ही तेच केले. मालकाने जुन्या पॉलिसी जपून ठेवल्या होत्या, याबद्दल त्यांचे कौतुकच केले पाहिजे. सर्वंकष विम्यात, वर्षभरात दावा केला नाही तर 'नो क्लेम बोनस' मिळतो. तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा दरवर्षी चढत जातो. या गाडीचा बोनस शहाण्या मुलाच्या गुणांसारखा चढत २०१७ साली ५० वर पोहोचला होता. मे २०१८ च्या पॉलिसीतही ५०. आणि पुढची पॉलिसी थेट नोव्हेंबर २०१९ ची, बोनस शून्य. बोनस शून्य होण्याची कारणे मोजकी. एक तर दावा केलेला असतो. नाही तर मुदत संपून ९० दिवसांहून अधिक काळ विमा उतरवलेला नसतो. किंवा मालक बदललेला असतो, कारण हा बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो. इथे मालक तेच होते.

मग वर्कशॉपची बिले काढली. एक एप्रिल २०१८ चे, साध्या सर्व्हिसिंगचे. त्यानंतरचे डिसेंबर २०१९ चे आणि त्यात वायरिंग, स्टार्टर आणि आतला गालिचा बदलल्याची नोंद. दोन बिलांमधला किलोमीटरचा आकडा जेमतेम चारशेने पुढे गेलेला. मालकाचे म्हणणे, "घरात आजारपण होतं, गाडी बिल्डिंगखाली उभी होती." ते खोटे बोलत होते, असे मी म्हणणार नाही. गाडी उभी होती हे कागदही सांगत होते. प्रश्न एवढाच होता, की ती कशात उभी होती?

कारण जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये काय झाले होते, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. लोहमार्ग पाण्याखाली गेले, गाड्या ठप्प झाल्या, मिठागरांवर माणसे अडकली, कित्येक इमारतींच्या तळमजल्यांत दिवसेंदिवस पाणी होते. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या नंतर धुतल्या गेल्या, रंगवल्या गेल्या आणि त्यांतल्या काही आजही आपल्यासमोरून जात असतील. पाण्यात बुडालेली गाडी लगेच मरत नाही. तारांच्या जोडांत हिरवा गंज धरतो, सांध्यांत गाळ बसतो आणि दोन-चार वर्षांनी एखाद्या रात्री दिवे अचानक जातात किंवा पत्रा आतून कुजतो. त्यात आमच्याकडची खारी हवा लोखंडाला तशीही सुखाने जगू देत नाही.

कागदांनी कुठे पाहायचे ते सांगितले. पाहण्याचे काम गॅरेजवाल्याचे. ओळखीच्या एका मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. आतल्या, एरवी कधी बाहेर न येणाऱ्या भागावर मातकट रेघ होती. मॅट उचलून सीटचे बोल्ट पाहिले, ते गंजलेले. गालिचा नवा, पण त्याखालच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ. त्याने गाडी वर उचलून ब्रेकचे पाइप टॉर्चने पाहिले आणि फक्त मान हलवली. या तपासणीचे त्याने पाचशे रुपये घेतले. मला विचाराल, तर जुन्या गाडीवर खर्च होणाऱ्या पैशांत याहून मोलाचे पाचशे रुपये नाहीत.

शेवटी त्या घराने दुसरीच व्हॅन घेतली. वीस हजारांनी महाग, रंगाने फिकी आणि डाव्या बाजूला पोचा आलेली. पण पोच्याचा दावा पॉलिसीत दिसत होता, दुरुस्तीचे बिल होते आणि किलोमीटरचा आकडा प्रत्येक बिलात सावकाश पुढे सरकत होता. गाडीला अपघात झालेलाच नसावा, हा आग्रह व्यर्थ आहे. झाला तो लिहून ठेवला आहे का, हे पाहावे. लिहिलेल्या दोषाची किंमत करता येते, लपवलेल्याची करता येत नाही.

आरसी बुकात आणखी काही जागा बारकाईने वाचाव्यात. चेसिस आणि इंजिनचे नंबर गाडीवर प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहावेत. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो. आसनक्षमता पाहावी. मालवाहू व्हॅनमध्ये मागाहून बाकडी ठोकून ती 'फॅमिली' म्हणून विकणारे आहेत. विमा आरसीवर लिहिलेल्या आसनांचा असतो, ठोकलेल्या बाकड्यांचा नव्हे. सीएनजी किट असेल, तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर ३ वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झालेली हवी. भांडी आणि बायका ज्या सिलिंडरशेजारी बसणार, त्याची तारीख विचारायला लाजू नये.

मग बँकेचा बोजा. कर्ज फिटले, आता बँकेचा काय संबंध, असे मालक सांगतात. पण परिवहन कार्यालयात नोंद काढून घेतलेली नसेल, तर नजरगहाण कायम दिसते आणि गाडी तुमच्या नावावर होत नाही. त्यासाठी बँकेचे ना हरकत पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म लागतो. काही आरसींवर आता अस्तित्वात नसलेल्या बँकांची नावे आहेत. देना बँक आणि विजया बँक १ एप्रिल २०१९ रोजी बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या, तेव्हा पत्र तिथून आणावे लागेल. हे काम विकणाऱ्याचे आहे आणि ते पैसे देण्यापूर्वी व्हावे.

पाटीही वाचावी. वसई-विरारची एमएच ४८, ठाण्याची एमएच ०४. पण महामार्गामुळे आमच्याकडे गुजरात-दमणच्या गाड्याही विकायला येतात. परराज्यातली गाडी इथे नोंदवायची, तर तिथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला, म्हणजे २८ नंबरचा फॉर्म लागतो आणि इथला कर भरावा लागतो. दिल्ली परिसरात राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आणले, तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इतरत्र जाऊ लागल्या. स्वस्ताईचे कारण विचारून घ्यावे.

कागद स्वच्छ असले, तरी गाडीचे वय लक्षात ठेवावे. आपल्याकडे व्हॅन म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मारुतीची, १९८४ साली आलेली आणि पुढे ओम्नी म्हणून घराघरांत पोहोचलेली. तिच्यात चालकाच्या पायांपुढे पत्र्याशिवाय फारसे काही नव्हते. २०१९ मध्ये नवे सुरक्षानियम आले आणि तिचे उत्पादन थांबले. चालकासमोरची एअरबॅग सक्तीची झाली तीही जुलै २०१९ पासूनच. रात्री महामार्गावर जाणाऱ्या घराने हे वर्ष ध्यानात ठेवलेले बरे.

आता शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्दा. पैसे दिले, किल्ली मिळाली, पेढे वाटले, की व्यवहार पुरा झाला असे दोन्ही बाजूंना वाटते. '२९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या केल्यात, बाकी एजंट बघेल,' असे म्हणून कागद कपाटात जातात. कायदा सांगतो, की एकाच राज्यात व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावे. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. तोवर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे पैसे मागायला जाल, तर पॉलिसीवर नाव दुसऱ्याचे निघेल.

नाव न बदलल्याने काय होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात दिसते. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार असे ते प्रकरण. २००९ साली एका गाडीच्या धडकेत मृत्यू झाला. गाडी तोपर्यंत एकामागून एक अनेक हातांतून गेली होती आणि प्रत्येक जण म्हणत होता, मी तर विकली. नोंदवहीत मात्र जुनेच नाव होते. न्यायालयाने सांगितले, की नोंदीत ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच. भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातात घरातले माणूस गमावलेल्यांनी हातोहात फिरलेल्या गाडीच्या मालकांचा माग काढत बसावे, हे न्यायालयाला मान्य नव्हते. मला हा विचार फार माणुसकीचा वाटतो. वाचकांपैकी ज्यांनी आपली जुनी गाडी 'विकून टाकली' आहे, त्यांनी आज दुपारी तिचा नंबर मोबाइलवर घालून बघावा. नाव अजून तुमचेच असेल, तर गाडी तुमच्या दारात नाही, एवढेच.

जुन्या गाड्यांच्या दुकानदारांकडून घेणाऱ्यांनीही एक करावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे अशा व्यावसायिकाला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते. गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची रीतसर सूचना दिली, की तो मालक मानला जातो. ते अधिकारपत्र दाखवा, असे सरळ म्हणावे. चांगल्या दुकानदाराला त्याचा राग येत नाही.

आमच्या आळीतल्या व्हॅनच्या डॅशबोर्डात आता एक शंभर पानी वही असते. सुनेने ती घातली आहे. तेल बदलले की तारीख, ब्रेकचे लायनर बदलले की तारीख, शेजारी किलोमीटर. बिले मागच्या पानाला पिनने लावलेली. जेवणाच्या ऑर्डरींचा हिशेबही त्याच वहीत उलट्या बाजूने लिहिते. अशी वही ठेवायला कोणताही कायदा लागत नाही. आणखी काही वर्षांनी ती व्हॅन कोणी विकत घेईल तेव्हा त्या माणसाला कोणाकडे कागद घेऊन जावे लागू नये, ही वहीच त्याच्या हातात ठेवता यावी.